मणका मोडल्यानंतरचं पहिलं वर्ष

मज्जारज्जूला दुखापत झालेला माणूस हॉस्पिटलमधून घरी निघतो, तेव्हा घरच्यांच्या हातात एक डिस्चार्ज कार्ड येतं. त्यावर ऑपरेशनची तारीख असते, गोळ्यांची नावं असतात, टाके काढायला कधी यायचं ते असतं आणि तळाशी एक ओळ असते: फिजिओथेरपी चालू ठेवणे. रात्री किती वेळाने कुशीवर वळवायचं, लघवीची नळी कधी बदलायची, संडासला कसं बसवायचं, यातलं त्या कार्डावर बहुधा काहीच नसतं. त्या माणसाचं पुढचं आयुष्य मात्र याच गोष्टींवर ठरणार असतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दीड कोटीहून जास्त माणसं मज्जारज्जूच्या इजेसह जगत आहेत. रस्त्यावरचे अपघात आणि उंचावरून पडणं ही त्याची मोठी कारणं. आपल्याकडे त्याला स्थानिक रूपं आहेत: कोकणात माड आणि आंब्याची कलमं, देशावर विहिरी, शहरात बांधकामाच्या परांच्या आणि सगळीकडेच मोटारसायकल. बहुतेक वेळा घरातला कमावता पुरुष जातो. तो मरत नाही, पण घरच्यांना पहिले काही महिने तो गेल्यासारखाच वाटतो. तिथूनच गोष्टी बिघडायला लागतात.

राजापूर तालुक्यातला माझा आतेभाऊ अशा माणसांपैकी एक. आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो. त्याच्यावर जे गेलं ते लिहू का, असं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "नाव नको, बाकी सगळं लिही. संडासाचंसुद्धा लिही. ते कोणी लिहीत नाही म्हणूनच माणसं मरतात."

मे महिना होता. हापूसची काढणी संपत आली होती आणि शेंड्याला राहिलेले आंबे उतरवायचे होते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने आंबा देठासकट काढण्यासाठी नूतन झेला तयार केला आहे, पण जुन्या उंच कलमांच्या शेंड्याला तो पोचत नाही, मग माणूस चढतोच. फांदी मोडली आणि दादा खालच्या गडग्यावर पाठीवर आपटला. शुद्धीवर होता, बोलत होता. पाय लागत नाहीत म्हणाला. धावत आलेल्या चौघांनी त्याला दंडाला आणि गुडघ्यांना धरून उचललं, रिक्षात बसवलं आणि मान खाली जाऊ नये म्हणून एकाने त्याला मिठी मारून धरलं. तालुक्याच्या गावापर्यंतचा रस्ता कसा आहे, हे त्या बाजूच्या माणसाला सांगायला नको.

त्या चौघांनी जिवाच्या आकांताने जे केलं ते मायेपोटी केलं. पण मणका मोडलेला असताना माणसाला वाकवून बसवलं, तर हाडाचा तुटका भाग आतल्या मज्जारज्जूवर दाबतो आणि थोडीफार शाबूत असलेली नसही जाऊ शकते. उंचावरून पडलेला किंवा गाडीवरून फेकला गेलेला माणूस मानेत वा पाठीत दुखतंय म्हणाला, हातापायांना मुंग्या आल्यात किंवा बधिर झालेत म्हणाला, तर मणका मोडलाय असं धरूनच चालावं. आग, पाणी किंवा वाहतुकीचा धोका नसेल तर त्याला जागेवरून हलवू नये. १०८ला फोन करावा. हलवायचीच वेळ आली तर एकाने डोकं आणि मान दोन्ही हातांनी सरळ रेषेत धरावी, तिघांनी एका बाजूला बसून खांदा, कंबर आणि पाय एकाच वेळी, एकाच्या हुकमावर, सगळं अंग एकसंध ठेवून कुशीवर वळवावं आणि पाठीखाली फळी सरकवावी. फळी नसेल तर दाराचं पान काढावं. रिक्षापेक्षा टेम्पोचा हौदा बरा, कारण तिथे माणूस सपाट झोपतो. पाणी पाजू नये. आणि अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला पोलीस किंवा हॉस्पिटल अडकवून ठेवू शकत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने तसं संरक्षण दिलेलं आहे. गावात हे माहीत नसल्याने अजूनही लोक हात लावायला कचरतात.

अणुस्कुरा घाटाने दादाला कोल्हापूरला नेलं. तिथे ऑपरेशन झालं, पाठीत सळ्या आणि स्क्रू बसले. सर्जन बाहेर येऊन म्हणाले, ऑपरेशन यशस्वी झालं. आत्याने पेढे वाटले. पुढचं वर्षभर या घराने जो त्रास भोगला त्याचं मूळ या पेढ्यांत आहे, असं मला वाटतं. खचलेल्या भिंतीला टेकू दिला की भिंत सावरते, आत तुटलेली वायर त्याने जुळत नाही. सळ्या हाडं सावरतात. माणसाला लवकर बसवता येतं, दुखणं कमी होतं, इजा वाढत नाही. मज्जारज्जू दुरुस्त करणारं ऑपरेशन आज जगात कुठेही नाही. हे सर्जनना ठाऊक असतं, घरच्यांना नसतं, आणि दोघांच्या मधल्या त्या दोन मिनिटांच्या बोलण्यात ते सांगायचं राहून जातं.

म्हणून हॉस्पिटलमध्ये असतानाच दोन प्रश्न विचारून घ्यावेत. इजा कुठल्या मणक्याला आहे, आणि ती कंप्लीट आहे की इनकंप्लीट? मानेतली इजा असेल तर हात आणि पाय दोन्ही जातात, फार वर असेल तर श्वासही. छातीच्या किंवा कमरेच्या मणक्याची असेल तर हात शाबूत राहतात. इजेखाली थोडीशीही संवेदना किंवा हालचाल शिल्लक असेल, विशेषतः गुदद्वारापाशी, तर ती इनकंप्लीट आणि सुधारणेची आशा जास्त. जे काही परत येतं त्यातलं बरंचसं पहिल्या सहा महिने ते वर्षभरात येतं. दादाची इजा टी-१२ला, म्हणजे छातीच्या बाराव्या मणक्याला होती आणि कंप्लीट होती. कुणीतरी हे त्याला तेव्हाच, नीट बसून सांगायला हवं होतं. त्याला ते कळलं दीड वर्षाने, स्वतःच्या फायलीतला इंग्रजी कागद भाचीकडून वाचून घेताना.

घरी आल्यावर पडवीत खाट टाकली. गादी कापसाची, त्यावर कुणीतरी आणून दिलेलं प्लॅस्टिक, त्यावर चादर. लोक भेटायला यायचे, दादा उताणा पडून त्यांच्याशी बोलायचा. एके दिवशी अंग पुसताना वहिनींना माकडहाडापाशी रुपयाएवढा लालसर डाग दिसला. बोटाने दाबला तर फिका होईना. घामोळं असेल म्हणून पावडर लावली. शेजारच्या बाईंनी खोबरेल तेल जिरवायला सांगितलं, तेही चोळलं. चारपाच दिवसांत वरची कातडी सुटून आली. खाली काळपट भाग होता, तो पडला तेव्हा आत पोकळी. डॉक्टरांनी चिमटा घातला तो हाडाला लागला. दादाला यातलं काहीही दुखलं नाही.

बेडसोअर म्हणतात तो हा. मज्जारज्जूची इजा झालेल्या माणसाच्या घरात चोरासारखा शिरणारा पहिला शत्रू. आपण निरोगी माणसं झोपेतसुद्धा कूस बदलतो, कारण दाबाखालची कातडी मेंदूला निरोप देते. तो निरोपच जायचा बंद होतो. हाडाच्या टोकावर दाब पडून राहिला की तिथला रक्तपुरवठा थांबतो आणि काही तासांत मांस मरायला लागतं. जखम वरून लहान आणि आतून मोठी असते. दादाची भरून यायला आठ महिने लागले, त्यात एकदा मांडीचा भाग फिरवून शिवायची प्लास्टिक सर्जरी झाली, आणि तेवढे सगळे महिने तो पालथा पडून होता. फिजिओथेरपी बंद. म्हणजे ज्या काळात हातांत ताकद यायची, खुर्चीत बसायला शिकायचं, तो काळ एका रुपयाएवढ्या डागाने खाल्ला.

यावरचा उपाय ऐंशी वर्षांहून जुना आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. १९४४च्या फेब्रुवारीत इंग्लंडमधल्या स्टोक मँडेविल हॉस्पिटलात डॉ. लुडविग गुटमान यांनी मणक्याच्या जखमी सैनिकांसाठी वॉर्ड सुरू केला. तोवर असे रुग्ण सडलेल्या जखमांनी आणि लघवीच्या जंतुसंसर्गाने काही महिन्यांत मरायचे, आणि ते मरणारच असं डॉक्टरही धरून चालायचे. गुटमान यांनी दर दोन तासांनी, दिवसा आणि रात्री, प्रत्येक रुग्णाला वळवायचा नियम केला आणि तो पाळला जातोय की नाही हे स्वतः बघितलं. माणसं जगायला लागली. जगायला लागली तेव्हा त्यांना करायला काहीतरी हवं म्हणून २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्या दिवशी, त्यांनी १६ जणांची तिरंदाजीची स्पर्धा भरवली. पॅरालिंपिकची सुरुवात ती. सगळ्याच्या मुळाशी दोन तासांनी वळवणं आहे.

खाटेवर असताना दर दोन तासांनी कूस. रात्री दोघांनी वेळ वाटून घ्यावी आणि मोबाइलला गजर लावावा. खुर्चीत बसल्यावर दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन पार्श्वभाग उचलावा किंवा एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला वाकून अर्धा मिनिट थांबावं. सकाळ-संध्याकाळ आरशाने माकडहाड, बसायची दोन्ही हाडं, खुबे, घोटे आणि टाचा बघाव्यात. कुठे लाल डाग दिसला आणि दाबून फिका पडला नाही, तर तो भाग पूर्ववत होईपर्यंत त्यावर भार टाकायचा नाही, मग लग्न असो की मयत. डाग चोळायचा नाही. हवेची गोल रिंग खाली द्यायची नाही, कडेचा दाब आणखी वाईट. चादरीला सुरकुती नको, पँटच्या मागच्या खिशात पाकीट नको. आणि गरम वस्तू मांडीवर ठेवायची नाही: चहाचं भांडं, गरम पाण्याची पिशवी, चार्जिंगला लावलेला लॅपटॉप. कातडी भाजते आणि वास आल्यावर कळतं.

दुसरा शत्रू लघवीचा. हॉस्पिटलमधून घातलेली नळी तशीच पिशवीला जोडून दादा घरी आला होता. ती कधी बदलायची हे कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून ती महिनोन्महिने तशीच. मग पिशवीत गाळ यायला लागला, नळी तुंबली, एका रात्री हुडहुडी भरून ताप चढला. पूर्वीच्या काळी मज्जारज्जूची इजा झालेली माणसं मूत्रपिंडं निकामी होऊन जायची ती अशीच. मूत्राशय भरून फुगलं की लघवी उलटी वर ढकलली जाते.

आता बहुतेकांना शिकवतात ती पद्धत म्हणजे दर चार ते सहा तासांनी स्वतःच नळी घालून मूत्राशय रिकामं करायचं आणि नळी काढून टाकायची. सीआयसी म्हणतात. डॉ. जॅक लॅपिडिस या अमेरिकन तज्ज्ञाने १९७२मध्ये दाखवून दिलं की यासाठी ऑपरेशन थिएटरसारखं निर्जंतुक वातावरण लागत नाही, स्वच्छ हात पुरतात. वेळेवर पूर्ण रिकामं होणं महत्त्वाचं. दादा हे शिकला तो प्रसंग मी जवळून पाहिला आहे. शिकवणारा स्वतः व्हीलचेअरवरचा. त्याने आधी साबणाने बोटांच्या बेचक्यांपर्यंत हात धुवायला लावले. मग पातळ नळीच्या टोकाला जेली लावली, नळी शेवटच्या टोकाला न धरता मधेच कशी धरायची ते दाखवलं, आणि लघवी यायला लागल्यावर घाईने बाहेर न काढता धार थांबेपर्यंत, मग हळूहळू मागे घेत थोडं थांबत, असं सांगितलं. खाली मापाचं भांडं. सातशे मिली. "हे फार झालं," तो म्हणाला. "पाचशेच्या आत राहिलं पाहिजे. एकतर वेळ जवळ आण, नाहीतर संध्याकाळचं पाणी कमी कर." दादाच्या चेहऱ्यावर लाज होती. शिकवणाऱ्याच्या चेहऱ्यावर तिचा मागमूस नव्हता. माझ्या मते शिकवणी निम्मी झाली ती तिथेच.

पाणी दिवसभरात विभागून दोनेक लिटर. वर्षातून एकदा सोनोग्राफी आणि क्रिएटिनीन, काही त्रास नसला तरी. ताप नसताना लघवी नुसती गढूळ दिसली म्हणून मेडिकलवाल्याकडून अँटिबायोटिक घेऊ नये. असं करत राहिलं की खरी गरज पडते तेव्हा औषध लागू होत नाही. संडासचंही वेळापत्रकच. रोज किंवा दिवसाआड, एकच वेळ, शक्यतो जेवण किंवा चहा झाल्यावर अर्ध्या तासात, कारण तेव्हा आतडं आपोआप हलतं. हातमोजा घातलेलं बोट गुदद्वारात हलकेच गोल फिरवून चालना देता येते. सुरुवातीला तासभर लागतो. दोन-तीन महिन्यांत शरीर लावून घेतं आणि मग लग्नकार्यात बसायची भीती जाते. माणसं घराबाहेर पडत नाहीत त्याचं कारण बहुतेक वेळा पाय नसतात, हे असतं.

मानेची किंवा छातीच्या वरच्या मणक्यांची इजा असलेल्यांना असणारा आणखी एक धोका सांगायलाच हवा, कारण गावातल्या डॉक्टरांनासुद्धा तो कधीकधी ठाऊक नसतो. आमच्या ओळखीतला एक कॉलेजातला मुलगा, उन्हाळ्यात पाणी कमी झालेल्या विहिरीत सूर मारताना मान मोडून घेतलेला. एका दुपारी त्याचं डोकं ठणकायला लागलं, चेहरा लाल, कपाळावर घामाच्या धारा. घरचे त्याला आडवं निजवायला निघाले. त्याच्या बहिणीला फिजिओने सांगून ठेवलेलं आठवलं. तिने त्याला ताठ बसवलं, कपडे सैल केले आणि नळी बघितली. चाकाखाली चिमटली होती. सोडवल्यावर काही मिनिटांत तो शांत झाला. छातीच्या सहाव्या मणक्याच्या किंवा त्याच्या वरच्या इजेत मूत्राशय किंवा आतडं तुंबलं, की रक्तदाब एकाएकी झेपावतो. आडवं केलं तर तो आणखी चढतो, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. बसवा, सैल करा, नळी बघा, आणि उतरला नाही तर तडक हॉस्पिटल. हे कागदावर लिहून खाटेच्या डोक्याशी चिकटवावं.

दादाच्या घरी पहिल्या वर्षात पैसा कुठे गेला? जखमेवर गेला, पण सगळ्यात जास्त गेला तो स्टेम सेलवर. कुणीतरी व्हॉट्सअॅपवर चालणाऱ्या माणसाचा व्हिडिओ पाठवला, एका मोठ्या शहरातल्या क्लिनिकचा एजंट घरी आला, सहा इंजेक्शनांत फरक दिसेल म्हणाला. कलमांची बाग गहाण पडली. फरक काही दिसला नाही. एजंटने आणखी सहा सांगितली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं यावर स्पष्ट आहेत: मज्जारज्जूच्या इजेवर स्टेम सेल हे मान्य उपचार नाहीत, ते फक्त मंजुरी मिळालेल्या आणि नोंदणी झालेल्या वैद्यकीय चाचणीतच देता येतात. अशा चाचणीत रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. म्हणजे पैसे मागितले की समजावं, ही चाचणी नाही. व्हिडिओतला माणूस चालतो तेव्हा त्याची इजा कंप्लीट होती की इनकंप्लीट, हे कुणी सांगत नाही. इनकंप्लीट इजेतली कितीतरी माणसं काहीही न टोचता चालायला लागतात.

या सगळ्यातून घर वर आलं ते एका माणसाच्या येण्याने. कोल्हापूरच्या एका संस्थेच्या ओळखीतून तो आला, मागे दोन जादा चाकं लावलेल्या स्वतःच्या स्कूटरवरून. अंगणात थांबला, पुढ्यात दुमडून ठेवलेली खुर्ची काढून उलगडली, बाजूला लावली, ब्रेक दाबले, एक हात सीटवर आणि एक खुर्चीवर ठेवून पुढे झुकला आणि क्षणात खुर्चीत. मग पाय एकेक करून हातांनी उचलून पायट्यावर ठेवले. दादा खाटेवरून बघत होता. तो माणूस बारा वर्षं खुर्चीत होता, दुकान चालवत होता, त्याला दोन मुलं होती. त्यातलं एक अपघातानंतरचं. हे त्याने सहज सांगितलं. ते ऐकून वहिनी आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. डॉक्टर, फिजिओ, नातेवाईक यांपैकी कुणी त्या नवराबायकोशी हा विषय काढलाच नव्हता.

मज्जारज्जूच्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या चांगल्या संस्थांचा इतिहास बघितला, तर बहुतेकींच्या मुळाशी असाच खुर्चीवरचा माणूस सापडतो. नसीमा हुरजूक यांचं कमरेखालचं शरीर ऐन किशोरवयात लुळं पडलं. त्यांना स्वतः चाकाच्या खुर्चीत असलेले बाबूकाका दिवाण भेटले आणि जगता येतं हे डोळ्यांना दिसलं. पुढे १९८४मध्ये कोल्हापुरात त्यांनी हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभी केली, मुलांसाठी वसतिगृह काढलं, सिंधुदुर्गात अपंगांच्या हातांवर चालणारा काजू प्रकल्प सुरू केला. त्यांचं 'चाकाची खुर्ची' हे आत्मचरित्र हॉस्पिटलमधल्या रुग्णाच्या उशाशी ठेवण्यासारखं आहे. डॉ. केतना मेहता यांना १९९५मध्ये पॅराग्लायडिंग करताना इजा झाली आणि २००१मध्ये मुंबईत नीना फाउंडेशन उभं राहिलं. डॉ. मेरी वर्गीस यांचा १९५४मध्ये मोटार अपघात झाला. खुर्चीत बसून त्यांनी वेल्लोरला कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या आणि नंतर तिथलं पुनर्वसन केंद्र उभारलं. मेजर एच. पी. एस. अहलुवालिया १९६५च्या मे महिन्यात एव्हरेस्टवर पोचले आणि त्याच वर्षीच्या युद्धात गोळी लागून त्यांचे पाय गेले. दिल्लीचं इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटर त्यांनी उभं केलं. पुण्याजवळ खडकीला सैनिकांसाठी पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे, १९७४पासूनचं. आणि सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर, त्याच १९६५च्या युद्धात गोळ्या लागलेले, १९७२च्या हायडलबर्ग पॅरालिंपिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आले. भारताचं ते पहिलं पॅरालिंपिक सुवर्ण.

संस्थेला देणगी देणाऱ्यांना यातून एक कसोटी मिळते. तिथे काम करणाऱ्यांत खुर्चीवरची माणसं आहेत का? वाढदिवसाला किंवा निवडणुकीच्या तोंडावर मांडव घालून पन्नास व्हीलचेअर वाटल्या जातात, हार घातलेले फोटो निघतात. त्या सगळ्या एकाच मापाच्या असतात. दादाला मिळालेली अशी खुर्ची इतकी रुंद होती की तो तिच्यात एका बाजूला कलंडून बसायचा, आणि सीट नुसतं रेक्झिनचं, म्हणजे पुन्हा जखमेला आमंत्रण. कंबरेचं आणि मांडीचं माप न घेता, चांगलं कुशन न देता दिलेली खुर्ची अपाय करते. मला विचाराल तर शंभर खुर्च्यांपेक्षा एका प्रशिक्षित माणसाचा वर्षाचा पगार द्यावा, जो घरोघर जाऊन कातडी बघेल, सीआयसी शिकवेल, दाराची रुंदी मोजेल. नाहीतर नळ्या, कुशनं, टायरट्यूब यांचा दरमहाचा खर्च उचलावा. यात फोटो काढण्याजोगं काही नसतं, म्हणून याला पैसे मिळत नाहीत.

कागदपत्रांच्या कामात मात्र अंग चोरून चालत नाही, आणि ते पहिल्या वर्षातच करायचं असतं. अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड आधी; पुढच्या सगळ्या योजनांचं दार तेच आहे. वाहनाचा अपघात असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे सहा महिन्यांच्या आत दावा लावावा. नुकसानभरपाईत पुढच्या आयुष्यभराचा मदतनीस, औषधं, खुर्च्या यांचा खर्च मागता येतो, त्यामुळे पहिल्या दिवसापासूनची बिलं जपावीत. शेतकरी असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा योजनेत आपला प्रकार बसतो का, हे तालुका कृषी कार्यालयात लगेच विचारावं. प्राप्तिकर भरणाऱ्यांना जुन्या करपद्धतीत अपंगत्वासाठी सवलत आहे.

नोकरीतल्यांसाठी एक कलम सोन्याच्या मोलाचं आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एका शिक्षिका दुचाकीवर मागे बसून जाताना पडल्या आणि पाय गेले. कार्यालयातून गोड शब्दांत सांगण्यात आलं की, बाई, आता तुम्हीच स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज द्या. अर्ज लिहून तयार होता. सहीच्या आदल्या दिवशी कुणीतरी त्यांना २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २०, उपकलम ४ वाचून दाखवलं: सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापनेला काढता येत नाही, पदावनतही करता येत नाही. तेच काम जमत नसेल तर त्याच वेतनावर दुसरं द्यावं लागतं, तेही नसेल तर योग्य जागा होईपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत जादा पदावर ठेवावं लागतं. बाईंनी अर्ज फाडला. वर्ग तळमजल्यावर आणायला आणि उतार बांधून घ्यायला आणखी वर्ष गेलं, पण त्या आज शिकवतात.

वहिनींबद्दल लिहिल्याशिवाय हे पुरं होणार नाही. सत्तर किलोच्या नवऱ्याला रोज उचलून त्यांची कंबर गेली. ट्रान्सफर बोर्ड ही साधी गुळगुळीत फळी. खाट आणि खुर्ची यांच्यामध्ये ठेवली की माणूस स्वतः सरकत जातो. खाटेची उंची खुर्चीएवढी करून घेतली की निम्मं काम झालं. हे दोन्ही गावच्या सुताराने केलं. पण ते दीड वर्षाने झालं. सेवा करणाऱ्या बाईलाही दिवसातून काही तास घराबाहेर जाता आलं पाहिजे, तिलाही झोप लागते, हे सासरच्यांना कुणीतरी मोठ्याने सांगावं लागतं. आमच्या घरात ते त्या स्कूटरवाल्याने सांगितलं. आणि दादा रात्री भिंतीकडे तोंड करून पडून असायचा, जेवण टाकायचा, तो आळस नव्हता. ते नैराश्य होतं, त्याला औषध असतं आणि त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला लाजू नये. मरणाची भाषा कुणी काढली तर ती ऐकून घ्यावी, उडवून लावू नये, आणि त्या माणसाला एकटं सोडू नये.

दादा आता बागेचा हिशेब बघतो, आंब्याच्या पेट्या भरून घेतो, बाजूच्या चार गावांत स्वतःच्या स्कूटरने फिरतो. गहाण अजून सुटलेलं नाही. संडासाचं दार रुंद करून घेतलं, ओट्याला उतार केला: फूटभर उंचीला बारा फूट लांब, त्याहून चढा केला तर खुर्ची मागे कलंडते. कुणाचा मणका मोडल्याची बातमी आली की तो हॉस्पिटलमध्येच फोन लावतो. बरं होईल का, यावर तो बोलत नाही. विचारतो, रात्री कोण वळवतंय? टाचा बघितल्या का? नळी कोणत्या तारखेला घातलीय? आणि समोरच्याने कुठे आगाऊ पैसे भरायचं चालवलंय असं कळलं, तर मी येईपर्यंत भरू नका म्हणतो आणि डब्यात नळ्या टाकून निघतो.